जुना लायटनिंग घ्यावा का? (मिशिगन, थंडी, ट्रेलर आणि घरचा विरोध)

नोव्हीकर
नमस्कार मंडळी, फार प्रस्तावना न करता विचारतो. २०२३ चा फोर्ड एफ-१५० लायटनिंग, म्हणजे फोर्डचा इलेक्ट्रिक पिकअप, एक्स्टेंडेड रेंजवाला (मोठ्या बॅटरीचा), घराजवळच्या एका डीलरकडे उभा आहे. नवा घ्यायचा प्रश्नच नाही, डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने पूर्ण इलेक्ट्रिक लायटनिंग बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि पुढचा येईल तो म्हणे सोबत जनरेटर घेऊन येणार. सरकारी टॅक्स क्रेडिटही ३० सप्टेंबर २०२५ ला संपलं, नव्यावरचं साडेसात हजार डॉलर आणि जुन्यावरचं चार हजार, दोन्ही. तरी जुन्याचा भाव बघून हात शिवशिवतायत.

वापर असा: रोज ऑफिसला जाऊन-येऊन चाळीस मैल. घरची कामं म्हणजे मल्च, लाकूड, ड्रायवॉल. गणपतीत मंडळाचं सामान. आणि उन्हाळ्यात आम्ही कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन वर यूपीत, म्हणजे मिशिगनच्या अपर पेनिन्सुलात जातो, मॅकिनॉ सिटीच्या पुलापर्यंतच घरापासून पावणेतीनशे मैल होतात. ट्रेलर २२ फुटी, भरून पाच हजार पौंडाच्या आसपास. सध्या जी पेट्रोलची गाडी तो ओढते ती आता म्हातारी झालीय.

बायकोचं म्हणणं, थंडीत आय-७५ हायवेवर बंद पडलास तर मला फोन करू नकोस. ज्यांच्याकडे खरंच इलेक्ट्रिक पिकअप आहे त्यांनी सांगा. यूट्यूब बघून झालंय, तिथे प्रत्येकजण एकतर भक्त आहे नाहीतर शत्रू.

टिवल्याबावल्या
घे की. फक्त एवढं समजून घे की पिकअप आला की नोव्ही, कँटन, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, जिथे जिथे मराठी माणूस घर बदलेल तिथला सोफा तुझ्या नावावर. "शनिवारी मोकळा आहेस का रे" असा फोन आला की समजायचं.

अर्धवट_इंजिनियर
माझ्याकडे २०२२ पासून लायटनिंग आहे, ॲन आर्बरला, म्हणजे हवामान तुमचंच. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

रोजच्या चाळीस मैलांसाठी ही गाडी म्हणजे चैन आहे. उन्हाळ्यात एका युनिटला दोन-सव्वादोन मैल मिळतात, बॅटरी वापरण्याजोगी १३१ युनिटची, म्हणजे आठवड्यातून एकदोनदा रात्री लावलं की विषय संपला. पण घरी चार्जिंग असेल तरच. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर १० टक्क्यांवरून ८० वर न्यायला तीन दिवस लागतात आणि थंडीत त्यातलं निम्मं बॅटरी गरम ठेवण्यात जातं. त्यामुळे २४० व्होल्ट हवंच. ५० अँपिअरचं १४-५० सॉकेट बसवलंत तर नियमाने सतत ४० अँपिअरच ओढायचे, म्हणजे ९.६ किलोवॅट. साठच्या ब्रेकरवर थेट वायरिंग केलंत तर ४८ अँपिअर, साडेअकरा किलोवॅट, आणि रात्री नवाला लावलेली गाडी सकाळी सातला तयार. तुमच्या २०२३ एक्स्टेंडेड रेंजमध्ये आतला चार्जर १९.२ किलोवॅटचा आहे, नवी विकताना सोबत ८० अँपिअरचा चार्ज स्टेशन प्रोचा बॉक्स यायचा. पहिल्या मालकाने तो भिंतीवर ठेवून घेतलाय की डीलरला दिलाय ते विचारा. अर्थात त्याला शंभरचा ब्रेकर लागतो आणि घराचं पॅनेलच शंभर अँपिअरचं असेल तर बॉक्स भिंतीवर शोभेपुरता. आधी इलेक्ट्रिशियनकडून लोड कॅल्क्युलेशन करून घ्या.

आणि १४-५० लावणार असाल तर दुकानातलं स्वस्तातलं सॉकेट नको. ते रोज रात्री आठ तास चाळीस अँपिअर वाहायला बनवलेलंच नसतं. ओव्हनसाठी असतं, जो तासभर चालतो. माझ्या शेजाऱ्याच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी होऊन वितळलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, प्लग ओढला तर प्लास्टिकची तार लांबली, पिझ्झ्यावरच्या चीजसारखी. इंडस्ट्रियल ग्रेडचं घ्या नाहीतर सरळ हार्डवायर करा.

ट्रेलरबद्दल उद्या लिहितो, ते प्रकरण मोठं आहे.

मेघना_जे
अर्धवट, उद्यापर्यंत थांबायला नको, ट्रेलरचं मी सांगते. कोलंबसला असतो आम्ही, लायटनिंग एक्स्टेंडेड, मागे २४ फुटी ट्रेलर, दोन उन्हाळे झाले.

नोव्हीकर, स्टिकरवर ३२० मैल लिहिलेत ते विसर. ट्रेलर लावला की एका युनिटला एक मैल धर, समोरून वारा असेल तर त्याहून कमी. म्हणजे फुल बॅटरीत १३०. पण शून्यापर्यंत कोणी जात नाही आणि रस्त्यात ८० टक्क्यांच्या वर कोणी भरत बसत नाही, कारण ८० नंतर चार्जिंग इतकं मंदावतं की जीव जातो. मग हातात राहतात दर टप्प्याला ९० मैल. पुण्याहून निघायचं, मुंबई आली की थांबायचं, पाऊण तास चार्ज करायचं, परत निघायचं. मुलं, कुत्रा आणि सासूबाई सोबत.

आणि लोकांचा समज असतो वजनामुळे होतं. वजनाचा वाटा कमी आहे, वाऱ्याचा जास्त. माझा भाऊ याच गाडीमागे सपाट ट्रेलरवर विटा घेऊन गेला, वजन माझ्या ट्रेलरपेक्षा जास्त, तरी त्याची रेंज माझ्यापेक्षा चांगली आली. आमचा ट्रेलर म्हणजे चालती भिंत. तुझा पॉप-अप, म्हणजे घडी होणारा बुटका ट्रेलर असेल तर गणित बरंच सुधारतं.

नोव्हीकर
पॉप-अप नाही, भिंतच आहे :( नऊ-दहा फूट उंच.

कॅल्गरीचा_बंड्या
थंडीबद्दल मिशिगनकरांनी बोलू नये अशी माझी नम्र विनंती आहे. आमच्याकडे उणे तीस.

पण खरं सांगायचं तर भीती वाटते तेवढं काही होत नाही. गाडी चालू होते, किंबहुना पार्किंगमध्ये सगळ्यांच्या आधी हिचीच काच साफ झालेली असते कारण प्लगला लावलेली असताना निघायची वेळ सेट करून ठेवली की भिंतीतल्या विजेवर गरम होते, बॅटरीतलं काही जात नाही. अडचण लांबच्या प्रवासात. उणे पंधराला हायवेवर रेंज तीस-चाळीस टक्क्यांनी खाली. तुमच्या गाडीत हीट पंप नाही हे लक्षात घ्या, लायटनिंगला तो २०२४ पासून आला. त्याआधीच्या गाड्यांमध्ये केबिन गरम करायला सरळ हीटर, वीज पिणारा. मी सीट आणि स्टिअरिंग गरम ठेवतो आणि हवेचं तापमान खाली, बायको शेजारी बसून ते परत वर करते, असा आमचा प्रवास.

दुसरं म्हणजे थंड बॅटरीला फास्ट चार्जर लावला तर १५० किलोवॅटच्या मशीनवर ४० दिसतात आणि माणूस मशीनला शिव्या देतो. गाडीच्याच नॅव्हिगेशनमध्ये चार्जर हे डेस्टिनेशन टाका, मग ती येता येता बॅटरी गरम करून आणते. फोनवर मॅप लावून गेलात तर तिला बिचारीला कळणार कसं तुम्ही कुठे चाललायत.

सायकलस्वार
एकटा माणूस ऑफिसला चाळीस मैल जाणार आणि त्यासाठी साडेसहा हजार पौंडाचं धूड. त्या बॅटरीत दोन छोट्या इलेक्ट्रिक गाड्या झाल्या असत्या. इलेक्ट्रिक आहे म्हणून पुण्य लागत नाही.

टिवल्याबावल्या
@सायकलस्वार, ड्रायवॉल सायकलवरून आण आणि फोटो टाक.

सायकलस्वार
वर्षातून किती वेळा ड्रायवॉल आणता? त्या दिवशी दुकानातूनच तासाच्या हिशोबाने ट्रक भाड्याने मिळतो. मी तेच करतो.

मेघना_जे
सायकलस्वारांचा मुद्दा टिंगल करण्यासारखा नाहीये, मी उलटीकडून तोच सांगणार होते. नोव्हीकर, तू उन्हाळ्यात वर किती वेळा जातोस? एकदोनदाच असेल तर तेवढ्यापुरती पेट्रोलची मोठी गाडी भाड्याने घे आणि बाकी वर्ष लायटनिंग मजेत चालव. दर वीकेंडला जात असशील तर लायटनिंग नको, कोणीही काहीही सांगू दे. आमच्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यात तेच झालं, लांबच्या ट्रिपला ट्रेलर घरीच ठेवून केबिन बुक केली.

एक मात्र, ट्रेलर भाड्याने दिलेल्या गाडीला लावायला सगळ्या कंपन्या परवानगी देत नाहीत, आधी विचार.

छोटा_हत्ती_भोसरी
रामराम मंडळी. तुमचं सगळं डॉलरात चाललंय पण इलेक्ट्रिक पिकअपचा धागा बघितला म्हणून राहवलं नाही. आमच्याकडं टाटाचा एस ईव्ही आहे, इलेक्ट्रिक छोटा हत्ती. २०२२ ला मे महिन्यात आला बाजारात, आम्ही पुढच्या वर्षी घेतला. बॅटरी २१.३ युनिटची, म्हणजे नोव्हीकर भाऊंच्या गाडीत आमच्या सहा बसतील. कंपनीच्या कागदावर १५४ किलोमीटर, आपण भरलेल्या गाडीला शंभर-एकशेदहा धरून चालायचं. सहाशे किलो माल.

धंद्याला एकदम परवडतं कारण आमचा रूट ठरलेला. सकाळी भोसरी एमआयडीसीतनं माल भरला, चाकण, परत, मग आकुर्डी, संध्याकाळी शेडमध्ये पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी भरलेली. ड्रायव्हर आधी नको म्हणत होता, आता डिझेलच्या गाडीवर बसायला तयार नाही, क्लच नाही ना, ट्रॅफिकमध्ये गुडघा दुखत नाही म्हणतो. पण मार्केट यार्डातनं कोणी म्हणालं साताऱ्याला माल टाका, तर नाही म्हणतो सरळ. त्याला डिझेलची ठेवलीय दुसरी. एकाच गाडीनं सगळं करायचा हट्ट धरला की घोळ होतो बघा.

राहता राहिलं टोलचं, अटल सेतूवर वगैरे इलेक्ट्रिक कार आणि बसला माफी दिली सरकारनं, मालवाहू गाडीला नाही. आम्ही काय धूर सोडतो का?

अर्धवट_इंजिनियर
@छोटा_हत्ती, तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे. ठरलेला रूट आणि रात्री आपलं सॉकेट, इलेक्ट्रिक मालवाहू गाडीचं सगळं अर्थशास्त्र त्यात आलं.

टोलचं आमच्याकडे वेगळ्या रूपात आहे. मिशिगनात पेट्रोलवरचा कर बुडतो म्हणून ईव्हीला रजिस्ट्रेशनच्या वेळी जादा फी, आणि जड ईव्हीला अजून जादा. नोव्हीकर, लायटनिंग कोणत्या वर्गात बसतो आणि रक्कम किती ते आधी बघून ठेवा.

हूस्टनचा_पंत
सगळे लायटनिंगवाले रडतायत म्हणून लिहितो. शेव्हीचा सिल्व्हरॅडो ईव्ही बघा. बॅटरी दोनशे युनिटच्या वर, ४डब्ल्यूटी मॉडेलला ईपीएचे, म्हणजे सरकारी चाचणीचे ४५० मैल. मी बोट घेऊन गॅल्व्हस्टनला जाऊन परत येतो, मध्ये चार्जरकडे बघतही नाही.

मेघना_जे
पंत, हूस्टन ते गॅल्व्हस्टन पन्नास मैल. तिथे आमचा लायटनिंगही बोट घेऊन जाऊन येईल.

हूस्टनचा_पंत
मी केटीला राहतो. ऐंशी.

टिवल्याबावल्या
केटी म्हणजे हूस्टन नाही हे पंतांनी पहिल्यांदाच कबूल केलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मावशी_मेलबर्न
इथे पिकअपला सगळे युट म्हणतात आणि प्रत्येक प्लंबरकडे एक असते. पूर्ण इलेक्ट्रिक फार कमी दिसतात, आमच्या गल्लीत बीवायडी शार्क ६ आलीय, ती प्लग-इन हायब्रिड. रोजचं काम विजेवर, लांब जायचं तर पेट्रोल. पण ती अडीच टनच ओढते, डिझेल हायलक्स साडेतीन, त्यामुळे कॅरॅव्हॅनवाले अजून डिझेल सोडत नाहीत. म्हणजे जगभर गाडं ट्रेलरपाशीच अडतंय.

निव्वळ_वाचक
मूर्ख प्रश्न असेल तर माफ करा. पावसात चार्जिंग लावलं तर शॉक बसत नाही का? आमच्याकडे पावसाळ्यात मिक्सर लावायला पण आई ओरडते.

अर्धवट_इंजिनियर
नाही बसत. प्लग पूर्ण आत बसून गाडी आणि चार्जरचं आपसात बोलणं झाल्याशिवाय त्या पिनांमध्ये मुख्य करंट सोडलाच जात नाही, आणि अर्थिंगची गळती दिसली की लगेच तुटतो. आईला मिक्सरबद्दल मात्र ओरडू द्या.

आता ट्रिप प्लॅनिंग. नोव्हीकर, तुमचाच रस्ता घेतो. ट्रेलर लावून, ताशी ६२-६५ मैलांनी, बे सिटीच्या वर लिमिट ७५ असली तरी. घरून शंभर टक्के भरून निघा. पहिला टप्पा बे सिटी, साधारण शंभर मैल, पोचाल तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास उरेल. ८०-८५ पर्यंत भरा. दुसरा टप्पा ग्रेलिंग, नव्वदेक मैल. परत भरा. तिसरा टप्पा पूल. पेट्रोल गाडीने जो प्रवास साडेचार-पाच तासांचा आहे तो सात तासांचा धरा. कोणतं स्टेशन ते आदल्या रात्री ठरवा, महिनाभर आधी नाही. 'अ बेटर रूट प्लॅनर'मध्ये ट्रेलर, वेग आणि तापमान तिन्ही टाकता येतं, तिथे आपला खरा वापर भरा, त्याचा डीफॉल्ट आशावादी असतो. मग प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर त्या स्टेशनचा शेवटचा चेक-इन कधीचा आहे ते बघा. आठवडाभरात कोणीच चार्ज केलं नसेल तर ते बंद आहे असं समजून पुढचं प्लॅनिंग करा. आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या अलीकडे एक पर्याय हवा. पलीकडचा पर्याय उपयोगाचा नाही, तिथवर पोचायला वीज कुठून आणणार?

टेस्लाचे सुपरचार्जर फोर्डला २०२४ च्या फेब्रुवारीअखेर उघडले, त्याने आयुष्य बदललं. ॲडॉप्टर लागतो, डीलरकडून घेताना गाडीत आहे का बघा. फक्त जुनी व्ही-२ स्टेशनं चालत नाहीत, व्ही-३ च्या पुढचीच. गाडीच्या नकाशात तीच दाखवतात. वारंवार वापरणार असाल तर टेस्लाच्या ॲपमधली महिन्याची मेंबरशिप घ्या, दर टेस्लावाल्यांइतका होतो, ट्रिप झाली की बंद करा.

मेघना_जे
आणि आता ते सांगा जे कोणी सांगत नाही. सुपरचार्जरची केबल आखूड, टेस्लाचं तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात, लायटनिंगचं पुढच्या डाव्या फेंडरवर. म्हणजे नाक घालून लावायची, शेजारच्या खांबाची केबल घ्यायची, आणि दोन जागा अडवून बसायचं. लोक बघतात असे. त्यात ट्रेलर. आरपार जाता येईल अशी जागा फार थोड्या स्टेशनवर असते, बाकी ठिकाणी ट्रेलर सोडायचा. कुठे सोडणार? समोरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात. जॅक खाली, साखळ्या काढा, वायर काढा, चाकांना ठोकळे लावा, गाडी नेऊन चार्ज करा, परत येऊन कॅमेऱ्यात बघत बघत बॉल खाली आणा, वर पाऊस. पाऊण तासाचा स्टॉप सव्वा तासाचा होतो. जुलैच्या शुक्रवारी संध्याकाळी आय-७५ वर सगळं डेट्रॉइट वर चाललेलं असतं हे तुला मी सांगायला नको.

यावर आमचा तोडगा म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं. आणि कॅम्पग्राउंड ५० अँपिअरचं हुकअप (विजेची जोडणी) असलेलं बघायचं, आरव्हीसाठी असतं तेच १४-५० सॉकेट, मोबाइल चार्जर लावला की रात्रीत गाडी भरते. पण बुक करताना फोनवर विचार. काही ठिकाणी ईव्हीला मनाई आहे, काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. आणि ट्रेलरचा एसी त्याच खांबावर असेल तर चार्जरचे अँपिअर कमी कर, नाहीतर रात्री दोनला सगळं अंधार.

टिवल्याबावल्या
एवढं वाचून मला आता घोडागाडी बरी वाटायला लागलीय.

कॅल्गरीचा_बंड्या
घोड्याला पण दर नव्वद मैलांना थांबवावंच लागतं.

कँटनची_वैशाली
मी सहसा वाचनमात्र असते पण लाइट गेल्यावरचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. २२ फेब्रुवारी २०२३ चं बर्फाचं वादळ आठवतंय ना मिशिगनकरांना, झाडं तारांवर कोसळली होती, कित्येकांकडे चारपाच दिवस वीज नव्हती. आमच्या बेसमेंटचा सम्प पंप, म्हणजे खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा, तो बंद. वर बर्फ वितळायला लागलेला आणि खाली खड्ड्यातलं पाणी बोटा-बोटाने वर येतंय, मी टॉर्च घेऊन जिन्यावर बसून बघत होते, खाली सासऱ्यांची सगळी पुस्तकं खोक्यांत. नवऱ्याने लायटनिंग गॅरेजच्या दाराशी आणला, दाराखालून एक्स्टेन्शन कॉर्ड टाकली, पंप सुरू. मग फ्रिज. मग राउटर. शेजारच्या आजोबांचा ऑक्सिजनचा काँसन्ट्रेटर पण आमच्याच गाडीवर चालला. आवाज नाही, धूर नाही, जनरेटरसारखं पेट्रोलच्या रांगेत जायला नको. एवढं सगळं करून दिवसाला पंधरा-वीस युनिट गेली असतील. रेंजची चर्चा करा तुम्ही, मी ती गाडी त्या पंपासाठी कधीच विकणार नाही.

नोव्हीकर
वैशालीताई, ही पोस्ट बायकोला वाचून दाखवली. २०२३ ला आमच्या बेसमेंटचं कार्पेट गेलं होतं. पहिल्यांदाच म्हणाली, "कधी बघायला जायचं?"

यावर एक प्रश्न, कॉर्ड न टाकता सगळं घरच गाडीवर चालवता येतं ना?

अर्धवट_इंजिनियर
येतं, पण इथे बरेच लोक फसतात. मागच्या सामानाच्या भागात २४० व्होल्टचं ७.२ किलोवॅटचं सॉकेट असतं, जर गाडीत ९.६ किलोवॅटवालं प्रो पॉवर ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतून बाहेर वीज द्यायची सोय असेल तर. लॅरिएट आणि प्लॅटिनमला ते येतंच, प्रो आणि एक्सएलटीला ऑप्शन होतं, नाहीतर नुसतं २.४. त्यामुळे हे बघूनच घ्या, नंतर बसवता येत नाही.

आता ते सॉकेट जनरेटरच्या इंटरलॉकला (बाहेरची आणि जनरेटरची वीज एकत्र येऊ न देणारी खिटी) जोडलं की बहुतेकांच्या घरी लगेच ट्रिप होतं. कारण घराच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात, आणि ट्रकनेही आपल्याकडे ते जोडलेले असतात, मग परतीचा करंट दोन वाटांनी जातो आणि ट्रकच्या जीएफसीआयला, म्हणजे गळती दिसली की वीज तोडणाऱ्या स्विचला, वाटतं गळती आहे. इलाज म्हणजे न्यूट्रलही तोडणारा ट्रान्स्फर स्विच. फोर्डची स्वतःची पूर्ण सिस्टिम वेगळी, ती चार्ज स्टेशन प्रोमधून ९.६ किलोवॅट घरात देते, पण इन्स्टॉलेशनचा खर्च ऐकून बसायला खुर्ची लागेल. सम्प पंप, फ्रिज आणि फर्नेसचा पंखा एवढंच हवं असेल तर ट्रान्स्फर स्विच पुरे. मात्र इंटरलॉक किंवा स्विचशिवाय ड्रायरच्या सॉकेटमधून उलटी वीज घालायचा उद्योग कोणी करू नका. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो त्याने.

छोटा_हत्ती_भोसरी
आमच्याकडं ही सोय पाहिजे होती राव. मंडळाचा जनरेटर दहा दिवसांचं भाडं घेतो.

कँटनची_वैशाली
भाऊ, आमच्या मंडळाने तेच केलं! पार्कमधल्या पॅव्हेलियनमध्ये विसर्जनाचा कार्यक्रम, तिथे एकच सॉकेट आणि तेही मरतुकडं. स्पीकर, लाइटच्या माळा, चहाची मोठी किटली, सगळं ट्रकवर. पुढच्या फ्रंकमध्ये, इंजिन नाही ना तिथे, चारशे लिटरचा खण आहे, त्यात बर्फ आणि पन्ह्याच्या बाटल्या. खाली पाणी जायला भोक आहे, नंतर नळीने धुवून टाकलं. दोन मुलं चढून आत बसली होती ती वेगळी.

सायकलस्वार
पन्ह्यासाठी फ्रंक हा पहिला पटण्यासारखा मुद्दा.

मेघना_जे
अजून थोडं, मग मी थांबते. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख मैल, ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. २०२३ ची गाडी, म्हणजे २०३१ पर्यंत धर, पण मोजायला सुरुवात पहिल्या विक्रीच्या तारखेपासून होते ती कागदावर बघ. मॅक्स ट्रेलर टो पॅकेज आहे का बघ, ते असेल तर दहा हजार पौंड ओढते. टायर किती उरलेत बघ, एवढ्या वजनाच्या गाडीचे टायर भराभर जातात आणि स्वस्त नसतात. आणि जुनी पेट्रोल गाडी एवढ्यात विकू नकोस. हा उन्हाळा राहू दे.

नोव्हीकर
हेच ठरतंय. जुनीला डीलर जे देतोय त्यात तसंही काही येत नाही, तर ती यावर्षी यूपीच्या ट्रिपसाठी ठेवतो. लायटनिंग ट्रेलरला लावून एकदा जवळच, पोर्ट ह्युरॉनपर्यंत नेऊन बघीन आणि वापर किती येतो ते इथे लिहीन.

आज गाडी बघून आलो. लॅरिएट आहे, म्हणजे ९.६ आलंच, मागची सॉकेटंही मोजली. मॅक्स टो आहे. चार्जरचा बॉक्स नाही, पहिल्या मालकाच्या भिंतीवर असावा. टेस्लाचा ॲडॉप्टरही नाही. मागचे दोन टायर जवळजवळ संपलेत. तिन्हीचे पैसे किमतीतून कमी करा म्हटलं, तर मॅनेजरला विचारून उद्या कळवतो म्हणाला.

मेघना_जे
तू फोन करू नकोस. महिनाअखेर आहे, तोच करेल.